चांदोली, मटणाचं जेवण आणि मोत्याची दाढ

शुक्रवारी रात्री पुण्यातून निघालो, कराड, कोकरूड, आरळा करत पहाटे चांदोलीच्या जंगलाशी, वारणावतीला. सफारीत गवे दिसले, लांबून एक सांबर, बाकी काही नाही, कारण पुढच्या जीपमधली मंडळी पूर्ण वेळ मोठ्यानं गप्पा हाणत होती. राग आला, खरंच. दोन तास गप्प बसायला काय जातं?

पण लिहायला बसलोय ते दुपारच्या जेवणामुळं. परतताना एका घरी मटण-भाकरी सांगितली होती. शिराळ्याकडची माणसं वाढताना 'बास' ऐकूनच घेत नाहीत. हाडकं अंगणातल्या मोत्या कुत्र्यापुढं टाकली, तर त्यानं मान वाकडी केली, हाडकाला चिकटलेला चामट तुकडा पार गालाशी नेला आणि कचाकच कातरला. सुळ्यांनी का तोडत नाही म्हटलं, तर गाईडकाका उठले आणि मोत्याचा ओठच वर केला. "सुळं निस्तं धरायला असत्यात. कापायचं काम हिचं."

वरची चौथी उपदाढ (सुळा आणि मागच्या दाढा यांच्या मधल्या दातांतली शेवटची) आणि खालची पहिली दाढ, दोन्हीला पात्यासारखी धार, तोंड मिटलं की कात्रीसारख्या एकमेकींना घासून जातात. जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, त्यामुळं चघळणं नाही, कापायचं आणि गिळायचं. कुत्र्याला मागं दळायच्या दाढा असतात म्हणून भाकरी चालते, बिबट्याला त्या जवळपास नाहीतच. कुत्र्याचे दात 42, बिबट्याचे 30. इथल्या जंगलातल्या कोळसुंद्याचे, म्हणजे रानकुत्र्याचे, 40, खाली दोन्हीकडची शेवटची दाढच नाही.

हे ऐकताना मला आमचा कुत्रा राजा आठवत होता. त्याच्या डोळ्याखाली सूज आली, आम्ही गांधीलमाशी चावली समजून दोन आठवडे हळद लावत बसलो. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर हीच वरची दाढ चिरलेली, तिची मुळं बरोबर डोळ्याखाली, तिथं पू झालेला. दर रविवारी नळीची टणक हाडकं मीच द्यायचो, लाडानं. दाढ काढावी लागली. नंतर तो दुसऱ्याच बाजूला मान वाकडी करून खायचा, आणि ते बघताना मला दरवेळी गलबलून यायचं.

मी मोत्यापुढची नळी उचलली, तो गुरगुरला. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "अवो खाऊ द्या की मुक्या जनावराला." मग त्यांना राजाचं सगळं सांगितलं. त्यांनी मोत्याचं तोंड स्वतः उघडून दोन्हीकडच्या दाढा नीट बघितल्या, आणि आत जाऊन ताकात भाकरी कुस्करून आणली.