मेटल डिटेक्टर, गुप्तधन आणि मातीतला पुरावा

मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन मागवला की घरपोच येतो. त्यामुळे गडकोटांवर भटकणाऱ्या आमच्यासारख्यांना एक प्रश्न हल्ली वरचेवर ऐकावा लागतो: हे यंत्र घेऊन किल्ल्यावर गेले तर काय बिघडले? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे आणि त्यामागे कायद्याची भीती हे एकच कारण नाही. जमिनीतून वस्तू काढणे वेगळे आणि त्या वस्तूचा इतिहास कळणे वेगळे. पहिले काम घाईने उरकले की दुसरे पुढे कोणालाच करता येत नाही.

इंग्लंडमध्ये हा छंद जमीनमालकाची परवानगी घेऊन आणि नियमांच्या चौकटीत राहून करता येतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफक परगण्यातील हॉक्सन या गावी एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधून देण्यासाठी डिटेक्टर घेऊन शेतात गेले होते. यंत्र वाजले, त्यांनी खणले, तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. काही वस्तू काढल्यावर परिस्थितीचे गांभीर्य ओळखून त्यांनी खणणे थांबवले आणि पोलिसांना व जमिनीच्या मालकांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी कोणताही गाजावाजा न करता तेथे उत्खनन केले. रोमन अमलाच्या अखेरीस पुरलेली सुमारे १५,००० नाणी तर मिळालीच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कुजून गेलेल्या लाकडी पेटीच्या खुणा, तिच्या आतील लहान पेट्यांच्या बिजागऱ्या, चांदीची इवलीशी कुलुपे आणि भांडी एकमेकांवर आदळू नयेत म्हणून भरलेल्या गवताचे अवशेष हे सारे जागच्या जागी नोंदवता आले. ही ठेव कोणी भीतीपोटी घाईघाईने खड्ड्यात लोटलेली नव्हती, ती नीट बांधून ठेवलेली होती, हे त्या गवतामुळे आणि बिजागऱ्यांमुळे कळते. डिटेक्टरला गवत ऐकू येत नाही. पुढे ही ठेव ब्रिटिश म्युझियमने घेतली, बक्षिसाच्या रकमेत लॉज यांनी त्या शेतकऱ्याला वाटा दिला आणि हरवलेला हातोडाही संग्रहालयात जमा झाला.

याच्या अगदी उलट घटना २०१५ मध्ये हेरफर्डशर परगण्यात घडली. दोघा जणांना तेथे व्हायकिंग काळातील ठेव सापडली, पण त्यांनी ती ना मालकाला कळवली ना सरकारला, आणि नाणी गुपचूप विकायला काढली. मूळ नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज आहे. २०१९ मध्ये दोघांना शिक्षा झाली तोवर त्यांपैकी अवघी ३१ हाती आली होती. त्यांतील काही नाण्यांवर वेसेक्स आणि मर्सिया या जुन्या इंग्लंडमधील दोन शेजारी राज्यांचे राजे, अनुक्रमे आल्फ्रेड आणि दुसरा केओलवुल्फ, या दोघांच्या नावांनी एकच घडण वापरलेली दिसते, म्हणजे ज्या केओलवुल्फला नंतरच्या बखरकारांनी क्षुल्लक ठरवले, त्याला आल्फ्रेड बरोबरीचा मानत होता असे म्हणण्यास आधार मिळतो. उरलेली नाणी मिळाली असती, तर हे चित्र आणखी किती स्पष्ट झाले असते या विचाराने मला आजही चुटपुट लागते.

यंत्राला फक्त धातू कळतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. खापरे, कोळसा, हाडे, मणी, चुन्याचा थर यांविषयी ते मुके असते, आणि काळ ठरवण्यासाठी तर हीच सामग्री लागते. नांगराच्या फाळाने वर्षानुवर्षे ढवळलेल्या वरच्या मातीत थर आधीच मोडलेले असतात, म्हणून इंग्लंडमधील जबाबदार छंदिष्ट त्या मातीपुरतेच खणतात, प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर टिपतात आणि खाली अभंग थर लागला की थांबतात. किल्ल्यावरील जोते किंवा ओसाड गावाची पांढर (जुन्या वस्तीची जागा) अशी नांगरलेली नसते. तेथे वीतभर खड्डासुद्धा थेट पुराव्यात पडतो.

आपल्याकडचे दायमाबाद या बाबतीत फार बोलके आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या या स्थळी १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्याचा हेतू निर्मळ होता आणि त्याला दोष देण्याचे काहीच कारण नाही. तरीही वस्तू थरासकट शास्त्रीय उत्खननात न मिळाल्यामुळे त्यांच्या काळावरून मतभेद झाले. त्या उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या, काळातील आहेत असे देशपांडे, राव आणि साळी या उत्खननकर्त्यांनी मानले, तर त्या काळच्या इतर वस्तूंत न आढळणारे आर्सेनिक यांच्या धातूत एक टक्क्याहून अधिक असल्यामुळे त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतात असे पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी मांडले. शेजारी त्याच थरातील चार खापरे नोंदवलेली असती, तर या वादाला इतकी जागा उरली नसती.

आणि आता मार्च २०२५ मधील असीरगड पाहा. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या या गावात, रस्त्याच्या कामातून निघालेल्या मातीत सोन्याची नाणी असल्याची आवई उठली, त्यात नुकत्याच प्रदर्शित झालेल्या एका ऐतिहासिक चित्रपटाची भर पडली, आणि रात्रीच्या अंधारात टॉर्च व डिटेक्टर घेऊन माणसे शेते उकरू लागली. आपल्या गडांवरही गुप्तधनाच्या नादाने पाडलेले खड्डे दिसतात. वाड्याच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यातील चिरे उपसलेले, देवळातील फरशी उलथलेली आणि बाजूला फेकलेल्या मातीत ताज्या फुटीची खापरे.

कायदा जुना आहे, पण स्पष्ट आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टनुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली, तर तिचे स्वरूप, जागा आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि ते न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या जागी तर परवान्याशिवाय खणताच येत नाही. म्हणून शेतात, विहिरीच्या कामात किंवा गडावरील टाक्यातला गाळ काढताना काही सापडलेच, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये, हलवण्याआधी आजूबाजूच्या मातीसह छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक लिहून ठेवावा आणि तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी.

पण सामान्य शेतकरी सरकारी कागदपत्रांच्या धास्तीने नाणे सराफाकडे नेतो आणि ते वितळते, हेही मान्य केले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना चालू आहे. तिच्यासाठी परगण्या-परगण्यात नेमलेला अधिकारी वस्तू पाहतो, ती काय आहे हे समजावून सांगतो आणि बहुतेक वेळा नोंद करून ज्याची त्याला परत देतो. त्या विश्वासावर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याकडे डिटेक्टर घेऊन हिंडण्याची मोकळीक द्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही, परंतु प्रत्येक जिल्ह्यात असा एक तरी जाणकार माणूस नेमावा, ज्याच्यासमोर शेतकऱ्याने मुठीतले नाणे न घाबरता ठेवावे, ही मागणी दुर्गसंवर्धन करणाऱ्या सर्व संस्थांनी एकत्र येऊन शासनाकडे लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.