गच्चीवर धूर, घरात आकडा

मांस स्मोक करण्यासाठी, म्हणजे झाकणबंद शेगडीत (स्मोकरमध्ये) मंद आचेवर आणि धुरावर शिजवण्यासाठी, लांबून आकडा दाखवणारा रिमोट थर्मामीटर घ्यायला गेलं की आधी रेंज सांगतात: पन्नास मीटर, शंभर मीटर. ती मोकळ्या मैदानातली. मुंबईत स्मोकर गच्चीवर, आपण दोन मजले खाली आणि मधे सळयांनी भरलेला आरसीसी स्लॅब. एका स्लॅबमधून ब्लूटूथ कधी पोचतो, कधी नाही. दोन स्लॅब असतील तर त्याचा नाद सोडावा. स्वतःचा रिसीव्हर असलेला, रेडिओवर चालणारा थर्मामीटर या कामाला जास्त भरवशाचा. वायफायचाही चालतो, पण घरातलं वायफाय गच्चीपर्यंत येतं का ते मोबाइल घेऊन वर जाऊन आधी बघा. असे बहुतेक थर्मामीटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात. राउटरने २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणी अडते. नावं वेगळी केली की सुटते.

प्रोब म्हणजे थर्मामीटरची तापमान मोजणारी सळई. बिनवायरीचे प्रोब दिसायला छान, पण लोखंडी झाकण बंद केलं की त्यांचा सिग्नल मार खातो. शिवाय त्यांचं मांसातलं टोक साधारण १०० अंशांपर्यंतचीच उष्णता सोसतं, म्हणून खुणेच्या रेषेपर्यंत ते आत खुपसावंच लागतं. वायरवाले दोन प्रोब घ्या: एक मांसासाठी, एक जाळीसाठी.

जाळीचा प्रोब अनेकजण लावतच नाहीत, झाकणावरच्या काट्यावर भागवतात. तो काटा घुमटाखालची हवा मोजतो, मांस असतं त्याच्या वीतभर खाली. दोन्हींत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. प्रोब क्लिपने जाळीलाच लावा, मांसापासून चारेक सेंटीमीटर दूर आणि निखाऱ्यांच्या थेट वर नको. गार मांसाला चिकटून राहिला तर आकडा कमी दाखवेल, आणि तुम्ही उगाच हवेचं भोक उघडत बसाल.

वापरण्याआधी तपासणी. ग्लासभर बर्फाचा चुरा, फटी भरतील एवढंच पाणी, ढवळून प्रोबचं टोक मधोमध, काचेला न टेकवता. मिनिटभरात ० यायला हवा. एखादा अंश इकडेतिकडे चालतो. उकळत्या पाण्यात १००. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे हिशेब सरळ. पुण्यात तोच प्रोब ९८ दाखवेल, तो प्रोबचा दोष नव्हे.

मांसात प्रोब कडेने घाला, म्हणजे टोक सर्वात जाड भागाच्या मध्यावर येतं. मोजणी टोकाशी होते, दांड्यावर नाही. बकऱ्याच्या दस्तीत किंवा मांडीत हाड लवकर लागतं; टेकलं तर बोटभर मागे घ्या. शंका आली तर प्रोब हळूहळू बाहेर ओढत आकडा बघा: सर्वात कमी दिसतो तो खरा मध्य. मांस फ्रिजमधून थेट जाळीवर ठेवा. ‘तासभर बाहेर राहू दे’ हा सल्ला मुंबईच्या हवेसाठी नाही. आतला आकडा चार तासांच्या आत ६० पार झाला पाहिजे.

जाळी ११० ते १२०. खालचा अलार्म १००, वरचा १३०. कोंबडीला आत ७४ पुरेत, मात्र तंगडी ८० ला अधिक मऊ लागते. दस्ती किंवा डुकराचा खांदा सुटा व्हायला ९० ते ९५ लागतात. मधे ६५ ते ७५ च्या दरम्यान आकडा तासन्‌तास हलत नाही, डुकराच्या मोठ्या तुकड्यात जास्तच. यंत्र बिघडलेलं नसतं. मांसाचं पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि घामासारखं त्याला गार ठेवतं. इथे कोळसा वाढवून घाई केली की बाहेरून जळतं. ७० ला फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आकडा पुन्हा चढतो. आपलं बकरं विलायती मेंढीपेक्षा लहान आणि कमी चरबीचं, म्हणून दस्ती गुंडाळणं जवळपास सक्तीचंच. ९० नंतर आकड्यापेक्षा हाताचं ऐका: सळई विनाअडथळा आत गेली तर झालं.

जाळीचा आकडा कोळशाविषयीही बोलतो. झाकण बंद असूनही उतरत असेल तर राख साचून हवा कोंडली किंवा कोळसा संपत आला. दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने अचानक चढला तर पश्चिमेकडे तोंड असलेलं भोक फिरवा. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, तासभर ९० च्या वर जात नाही आणि पांढरा, कडवट धूर सोडतो. झाकणाच्या पिंपात ठेवा. लाकूड आंब्याचं किंवा चिंचेचं, वाळलेलं. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड अजिबात नाही.

आकडा घरात दिसतो म्हणून गच्ची मोकळी सोडायची नाही. ठिणगी उडाली तर थर्मामीटर सांगत नाही. सोसायटीची लेखी परवानगी, पाण्याची बादली आणि वर कोणीतरी थांबलेलं, हे धरूनच बेत करा. बाल्कनीत तर नकोच.

प्रोब मरतो तो बहुतेक वेळा जोडावर, जिथे जाळीदार वायर दांड्यात शिरते. तिथून पाणी किंवा वाफ आत गेली की आकडा भलताच चढतो किंवा नुसती अक्षरं दिसतात. ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली धरू नका. भिजलाच तर ओव्हनमध्ये मंद आचेवर दांडा वाळवून बघा, कधीकधी वाचतो. झाकणाच्या कडेखाली वायर चेपू देऊ नका आणि ज्वाळेजवळून नेऊ नका. नवा प्रोब त्याच मॉडेलचा घ्या: प्लग २.५ आणि ३.५ मिलिमीटर असे दोन्ही असतात, आणि दुसऱ्या कंपनीचा बसला तरी आतला थर्मिस्टर (उष्णता ओळखणारा भाग) वेगळा असेल तर आकडा खोटा येतो.