चाक परत जमिनीवर कधी येते?

पुण्यात धायरीच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर, मालकाची परवानगी काढून, आम्ही सात-आठ जणांनी मुरमाचा एक लहानसा ट्रॅक तयार केला आहे आणि रविवारी सकाळी तिथे रिमोटवर चालणारे एक-दशांश आकाराचे ट्रक पळवतो. (तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या वाटांवर ही मजा अधिक येईल असे प्रत्येक नव्या माणसाला वाटते, पण तिथे पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या पायांत दोन-अडीच किलोची वेगवान वस्तू सोडणे हे शहाणपणाचे नव्हे.) माझा ट्रक शॉर्ट कोर्स प्रकारातला आहे. ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश हा ट्रक 2008 मध्ये आला आणि त्याने हा प्रकार लोकप्रिय केला. चाके झाकणारी रुंद बॉडी आणि बाहेरच्या कडेला 2.2 इंच, तर आतल्या कडेला 3 इंच व्यासाचे रिम ही त्याची ओळख.

आपल्याकडचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. दाबून बसवला की तो खाली सिमेंटसारखा घट्ट होतो आणि वर सांडलेल्या बाजरीसारखा सुटा राहतो. सगळे जण जिथे ब्रेक मारतात तिथे काही आठवड्यांतच आडव्या लाटा उठतात, सोसायटीच्या फाटकापुढच्या रंबलर पट्ट्यांसारख्या. आमच्या मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी अशा सहा लाटा आहेत आणि तिथे माझ्या ट्रकचे बूड दरवेळी उडून उजवीकडे फिरत असे.

मी जे केले ते बहुतेक नवशिके करतात. मागचे शॉक, म्हणजे स्प्रिंगसोबतचे तेल भरलेले धक्काशोषक, मऊ आहेत असे ठरवून त्यांतले 30 वेटचे (वेट म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा) सिलिकॉन तेल काढून 40 चे घातले, त्याने भागेना म्हणून 50 चे घातले, आणि ट्रक उडीवरून उतरताना पोट घासत नाही एवढ्यावर समाधान मानून घेतले. उडीपुरते ते खरेही होते. अर्ध्या मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला भेटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण 3.1 मीटर असतो, आणि खेळण्याएवढ्या शॉकला तो धक्का तीन-चार सेंटिमीटरच्या हालचालीत गिळावा लागतो. त्यामुळे घट्ट तेलाचा मोह होणे स्वाभाविक आहे. लाटांवर मात्र ट्रक पहिल्यापेक्षाही वाईट वागू लागला.

आमच्यात दुचाकींच्या कारखान्यात हयात घालवलेले एक निवृत्त काका आहेत. त्यांनी गुडघ्यावर बसून मोबाइलवर सेकंदाला 240 चौकटींचे संथ चित्रण केले आणि ते माझ्यासमोर धरून म्हणाले, “अहो, तुमचा शॉक बसतोय, पण उठत नाहीये.” लाटांमधले अंतर सुमारे 30 सेंटिमीटर आणि ट्रकचा वेग सेकंदाला 8 मीटर धरला, तर एका लाटेपासून दुसरीपर्यंत जायला नऊ चौकटी लागतात. त्या नऊपैकी पाच-सहा चौकटींमध्ये माझे मागचे चाक हवेत होते. पहिल्या लाटेने ते वर ढकलले, घट्ट तेलामुळे ते खाली यायला वेळ लागला, आणि ते खाली पोहोचण्याआधीच दुसरी लाट आली. अशा रीतीने शॉक प्रत्येक लाटेगणिक थोडा थोडा आखडत गेला आणि शेवटी स्प्रिंगला हलायला जागाच उरली नाही. शॉक उतरण्याचा धक्का सोसण्यासाठी असतो असे मी समजत होतो. ब्रेक आणि वळण यांच्या दृष्टीने त्याचे मोठे काम चाक लवकरात लवकर जमिनीवर परत पाठवणे हे आहे, कारण हवेतले चाक ब्रेकही लावत नाही आणि गाडीला बाजूला सरकण्यापासून अडवतही नाही.

इथे पिस्टनचा भाग येतो. शॉकमधला पिस्टन छिद्रांचा असतो आणि तेल त्या छिद्रांतून वाट काढते. छिद्रे लहान असतील तर हळू हालचालीत सगळे सुरळीत वाटते, पण धक्का जोराचा आला की तेलाला तेवढ्या वेगाने जाता येत नाही आणि शॉक क्षणभर दांड्यासारखा वागतो. याला शॉक ‘पॅक होणे’ म्हणतात. छिद्रे मोठी ठेवून तेल त्या मानाने घट्ट घेतले, तर हाताने दाबताना शॉक पूर्वीसारखाच लागतो, पण जोराच्या धक्क्याला तो कमी आखडतो. मी मागे दोन छिद्रांच्या पिस्टनऐवजी तीन छिद्रांचे बसवले आणि तेल 35 वेटवर आणले. (वेटचा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, म्हणून बाटलीवर सेंटीस्टोक, म्हणजे घट्टपणाचे प्रमाणित एकक, लिहिलेले असतील तर तेच पाहावेत.) तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वर-खाली करून बुडबुडे निघून जाईपर्यंत शॉक दहा मिनिटे उभा ठेवावा, माझ्यासारख्या घाईच्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते. हवा राहिली तर डावा-उजवा शॉक एकसारखा कधीच वागत नाही.

उडी आता थोडी पोट घासून होते, ते मी पत्करले. लाटांवर ट्रक सरळ राहू लागला, पण पूर्ण नाही. बुडाचा उजवीकडचा ओढा शिल्लक होता. मी पुन्हा शॉक उघडणार होतो. त्याऐवजी एका संध्याकाळी चारही चाके काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. तीन चाके 142 ते 145 ग्रॅमच्या दरम्यान भरली आणि मागचे उजवे 181.

कारण जूनच्या पहिल्या पावसात होते. टायरमध्ये हवा भरलेली नसते, फोमची कडी असते, आणि टायर दबला की आतली हवा बाहेर जावी म्हणून रिमला बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून चिखलाचे पाणी आत गेले, उघड्या पेशींच्या फोमने ते स्पंजासारखे शोषले, आणि बाकीची तीन चाके वाळली तरी हे वाळले नाही, बहुधा त्याचे छिद्र चिखलाने बुजल्यामुळे. शॉकच्या खालच्या टोकाला लटकणारे वजन जितके जास्त, तितके चाक खाली परतायला उशीर करते. जवळपास चाळीस ग्रॅम पाणी घेऊन फिरणाऱ्या चाकासाठी मी तीनदा तेल बदलले होते.

टायर रिमला सुपरग्लूसारख्या गोंदाने चिकटवलेला असतो, त्यामुळे तो सोडवण्यासाठी चाक उकळावे लागले. जुने पातेले वापरले, तरी घरात त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही. पुन्हा जोडताना बंद पेशींचा फोम घातला, तो महाग असला तरी पाणी पीत नाही. रिमची छिद्रे बुजवली आणि टायरच्या नक्षीत समोरासमोर दोन लहान छिद्रे पाडली. चाक फिरले की आत शिरलेले पाणी आता तिथून बाहेर फेकले जाते.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. स्प्रिंगखाली चकत्या घालून स्प्रिंग कडक होते हा गैरसमज मी वर्षभर बाळगला. चकत्यांनी फक्त गाडीची उंची बदलते, कडकपणा तोच राहतो. उंची पाहण्यासाठी ट्रक वीतभर उंचीवरून टेबलावर सोडावा आणि स्थिरावल्यावर मागचे ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, आडव्या रेषेत आहेत का ते बघावे. कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या काठाचा आत झुकाव, मी दीड अंशावर ठेवला आहे, कारण त्याहून जास्त ठेवल्यावर मुरमावर टायरची आतली कडच झिजते. मागच्या चाकांच्या टो-इनला, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या ठेवण्याला, हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

मागच्या रविवारी काकांनी पुन्हा चित्रण केले. त्याच लाटांवर मागचे उजवे चाक नऊपैकी दोन चौकटी हवेत होते, डावेही तेवढेच. पुढची चाके मात्र तीन चौकटी हवेत दिसतात, आणि पुढच्या शॉकमध्ये अजून दोन छिद्रांचेच पिस्टन आहेत.