रिकॉलच्या आकड्यावरून गाडीची पारख करू नये

तीन रांगांची महागडी एसयूव्ही कुटुंबासाठी घेऊ पाहणारी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात: या मॉडेलचे रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे, किती वेळा झाले? प्रश्न रास्त आहे, पण उत्तरादाखल मिळणाऱ्या आकड्याचा उपयोग फार थोडा, असे माझे रिकॉलचे बरेच कागद वाचून झालेले मत आहे. गाडीच्या दारावरील वजनाच्या लेबलावर चुकीचा आकडा छापला गेला तरी रिकॉल निघतो आणि ब्रेक निकामी होण्याची शक्यता असली तरीही रिकॉलच निघतो. मोजणीत दोन्ही एकेकच धरले जातात. म्हणून दोष मालकांना केव्हा जाणवला, कंपनीने तो केव्हा मान्य केला आणि दुरुस्तीनंतर तो खरोखर गेला का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

असे पाहणे सर्वांत सोपे आहे ते अमेरिकेतील गाड्यांच्या बाबतीत, कारण तेथील कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यावर तिथली सारी व्यवस्था उभी आहे आणि ती राबवण्याचे काम एनएचटीएसए ही केंद्रीय यंत्रणा करते. सुरक्षेशी संबंधित दोष आहे असा निष्कर्ष निघाला की कंपनीने कामाच्या पाच दिवसांत यंत्रणेला कळवायचे असते, त्यानंतर ६० दिवसांत मालकांना पत्रे पाठवायची असतात आणि पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंतच्या गाड्यांची दुरुस्ती विनामूल्य करून द्यायची असते. फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटण्याच्या प्रकरणानंतर २००० साली आणखी एक कायदा आला. तेव्हापासून वॉरंटीतील दावे आणि ग्राहकांच्या तक्रारी यांची आकडेवारी कंपन्यांना ठरावीक काळाने यंत्रणेकडे द्यावी लागते.

रिकॉल निघणे ही कित्येकदा कंपनीच्या बाजूने जमा धरण्यासारखी गोष्ट असते. मार्च २०१६ मध्ये पोर्शे कायेन आणि फोक्सवॅगन टुआरेग यांच्या मिळून सुमारे ८ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. पेडलच्या आधाराच्या ब्रॅकेटमधील एक सर्क्लिप (भाग जागेवर धरून ठेवणारी छोटी कडी) ढिली असू शकते, हे कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत आढळले होते. एवढ्याशा क्लिपसाठी आठ लाख गाड्यांचा खटाटोप करणारी कंपनी मला गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

मर्सिडीजचे २०२२ मधले प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या वर्षी कंपनीने एमएल, जीएल आणि आर या मालिकांतील जगभरातील जवळजवळ १० लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांपैकी सुमारे २ लाख ९२ हजार अमेरिकेत होत्या. अमेरिकेतल्या २००६ ते २०१२ या मॉडेल-वर्षांच्या या गाड्या म्हणजे कुटुंबवत्सल श्रीमंतांची ठरलेली निवड. ब्रेक बूस्टर हे पायाने दिलेला दाब वाढवणारे उपकरण. त्याच्या आवरणावर रबराची एक पट्टी असते आणि तिच्याखाली वर्षानुवर्षे ओल साचत राहिली की धातूला गंज चढतो. गंजाने छिद्र पडले की हवा गळू लागते, पेडल कठीण होते आणि गाडी थांबवायला जास्त जोर लागतो. अत्यंत विरळ पण सर्वांत भयंकर शक्यता अशी, की कमकुवत झालेल्या आवरणावर अचानक जोराचा ब्रेक पडला तर पेडल आणि ब्रेकयंत्रणा यांच्यातला संबंधच तुटू शकतो. म्हणूनच तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, असे कंपनीने मालकांना सांगितले आणि गाडी उचलून नेण्याची सोयही देऊ केली. ब्रेक दाबताना फुसफुस आवाज येणे किंवा पेडलचा स्पर्श बदलणे, एवढीच काय ती पूर्वसूचना.

या प्रकरणात मला खुपते ती गाड्यांच्या वयाची बाजू. त्यांतील सर्वांत जुन्या गाड्या विनामूल्य दुरुस्तीची कायदेशीर मुदत ओलांडून गेल्या होत्या, तरी त्याही रिकॉलमध्ये घेतल्या गेल्या, हे चांगलेच झाले. पण इतक्या वर्षांत अशी गाडी पहिल्या मालकाकडे सहसा राहत नाही. महागड्या एसयूव्हीची किंमत झपाट्याने उतरते, मग ती दुसऱ्याकडे जाते, पुढे तिसऱ्याकडे, आणि अधिकृत वर्कशॉपशी असलेला तिचा संबंध बहुधा तिथेच संपतो. पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने गाड्या भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉलची दुरुस्ती न झालेली गाडी भाड्याने देण्यास मनाई केली. जुन्या गाड्या विकणाऱ्यांवर मात्र तशी केंद्रीय बंदी घातली गेली नाही. हा भेद मला कधीच पटलेला नाही. जुनी गाडी घेताना चासीवरील १७ अक्षर-अंकांचा क्रमांक कंपनीच्या किंवा यंत्रणेच्या संकेतस्थळावर घालून पाहणे, हे काम त्यामुळे विकत घेणाऱ्यानेच करायचे असते, तेही पैसे मोजण्याआधी.

दुरुस्तीच अपुरी पडली तर काय होते, हे फोर्डच्याच लिंकन या ब्रँडच्या एव्हिएटर गाडीच्या मालकांना विचारावे. फोर्डने २०२१ मध्ये ३६० अंशांच्या कॅमेऱ्याचे, म्हणजे गाडीच्या मागचेही, चित्र अचानक नाहीसे होते म्हणून एक्सप्लोरर, एव्हिएटर आणि कॉर्सेअर या गाड्या परत बोलावून त्यांचे सॉफ्टवेअर बदलले. चित्र तरीही जात राहिले. जानेवारी २०२३ मध्ये नवा रिकॉल निघाला, त्यात जगभरातील सुमारे ४ लाख ६२ हजार गाड्या आल्या आणि आधी दुरुस्त झालेल्या गाड्यांनाही पुन्हा वर्कशॉपची वाट धरावी लागली. मागचा कॅमेरा ही चैनीची वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एवढ्या उंच गाडीमागे तीन वर्षांचे मूल चालकाला दिसत नाही हे आठवावे. मे २०१८ पासून अमेरिकेत नव्या हलक्या वाहनांना तो सक्तीचा झाला, तो याच कारणाने. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्याच एका वेगळ्या रिकॉलला उशीर केल्याबद्दल आणि अपुरी माहिती दिल्याबद्दल याच कंपनीवर १६.५ कोटी डॉलरचा दंड बसला.

व्होल्वोच्या बाबतीत २०२५ मध्ये दोष सॉफ्टवेअर अपडेटमधूनच शिरला. प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेली) एक्ससी९० आणि काही इतर गाड्या ‘बी’ मोडमध्ये, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडताच गाडी आपोआप मंदावणाऱ्या मोडमध्ये, उतारावर, कोणतेही पेडल न दाबता, किमान १ मिनिट ४० सेकंद घरंगळत राहिल्या तर त्यानंतर ब्रेक लागेनासा होण्याची शक्यता होती. घाटात दर वळणावर ब्रेक दाबणाऱ्या चालकाच्या हे कधी लक्षातही येणार नाही. लांबलचक सरळ उतारावरचा शांत चालक मात्र नेमका सापडणार. सुरक्षेचे भूषण मिरवणाऱ्या कंपनीकडून हे घडावे, याची मला गंमत वाटली नाही.

मालकांच्या तक्रारी वाचताना सावध राहावे लागते. त्या तपासलेल्या नसतात, काही निव्वळ रागाच्या भरात लिहिलेल्या असतात, आणि ज्यांची गाडी ठीक चालते ते काही लिहायला जात नाहीत. शिवाय काही दोष तक्रारींतून पुढे येतच नाहीत: लेक्सस जीएक्स ४६० वळणावर अॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच मागून घसरते, हे एप्रिल २०१० मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तूंच्या चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या चाचणीत दिसले, आणि त्यानंतर कंपनीने विक्री थांबवून सुमारे ९,४०० गाड्यांचे स्थिरता-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलले. तरीही एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच प्रकारच्या वेगात, साधारण तेवढ्याच किलोमीटरनंतर तेच लक्षण सांगू लागली, तर ते मी गंभीरपणे घेतो. ‘गाडी बेकार आहे’ या वाक्याचा कोणालाच उपयोग नाही. वेग किती होता, इंजिन गरम होते की थंड, डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, किती किलोमीटर झाले होते, वर्कशॉपने काय केले, एवढे लिहिले तर तपास करणाऱ्याच्या हाती काही लागते.

कंपनी डीलरांना पाठवत असलेली तांत्रिक परिपत्रकेही याच कामाची. त्यांत दोष मान्य केलेला असतो आणि दुरुस्तीची रीतही दिलेली असते. पण तो रिकॉल नसल्यामुळे वॉरंटी संपलेल्या मालकाला खर्च सहसा स्वतःच करावा लागतो. सर्व्हिस अॅडव्हायझर ‘या मॉडेलमध्ये असं होतंच’ म्हणाला, तर ते लक्षण त्याच दिवशी किलोमीटरच्या नोंदीसह जॉब कार्डवर लिहून घ्यावे. वॉरंटीच्या काळातली ती नोंद पुढे खर्चाचा वाद निघाला तर मालकाच्या बाजूने उभी राहते.