ओळी राहतात, आवाजासकट

डिसेंबर लागला की नाशिकची थंडी बोचायला लागते आणि शाळांमधून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. आमच्या शाळेत शेवटचे दोन तास तालमीला मिळायचे. बाई गाणं फळ्यावर लिहायच्या, आम्ही ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायचो. नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ यातलं आता फारसं आठवत नाही. ओळी आठवतात, आणि ज्याने त्या म्हटल्या त्याच्याच आवाजात आठवतात.

समूहगीतांत कवी गोविंदांचं ‘रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ ठरलेलं. गोविंद नाशिकचेच, पायांनी अधू. एकदा इतिहासाच्या सरांनी तालमीत पेटी थांबवायला लावली आणि सांगितलं, यांची गाणी छापली म्हणून बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप झाली, अंदमानला पाठवलं. गाणी छापली म्हणून! सगळा वर्ग गप्प. पुन्हा सूर धरला तेव्हा मागच्या रांगेतली, नुसते ओठ हलवणारी पोरंही गळा काढून गात होती.

पण मनात सगळ्यात खोल बसली ती कुसुमाग्रजांची ‘कणा’. ही कविता महाराष्ट्रभर म्हटली जाते, तरी नाशिककरांना ती घरचीच वाटते. गंगामाई पाहुणी येऊन घरात राहून जाते म्हणजे काय, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलं, यावर आमच्याकडे पुराचं माप ठरतं. २००८च्या सप्टेंबरात ते सराफ बाजारात शिरलं होतं. त्याच वर्षीच्या संमेलनात पंचवटीतल्या एका मुलीने ‘कणा’ म्हटली. हातवारे नाहीत, चढउतार नाही, दोन्ही हात फ्रॉकला घट्ट धरलेले. ‘फक्त लढ म्हणा’ म्हणून ती थांबली, तर टाळ्या पडायलाच वेळ लागला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्या घरातला चिखल नुकताच निघाला होता. पुढे २७ फेब्रुवारीच्या, कुसुमाग्रजांच्या जयंतीच्या कार्यक्रमांतून ही कविता नामवंतांच्या तोंडूनही ऐकली, पण मला ऐकू येते ती त्या मुलीचीच.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अजून हेच होतं. कुणीतरी जेवणाच्या पंगतीत एक ओळ सुरू करतं, पलीकडून दुसरी येते, आणि मग दुसरं कडवं आधी की तिसरं यावर वाद रंगतो. बँकेतला मॅनेजर आणि द्राक्षबागाईतदार तावातावाने भांडताना बघायला फार गोड वाटतं.

हल्ली बऱ्याच संमेलनांत गाणी स्पीकरवर लागतात आणि मुलं त्यावर नाचतात. नाचू देत, हौस हवीच. पण नाचलेल्या गाण्याची ओळ तशी राहत नाही, त्यासाठी ती स्वतःच्या गळ्यातून निघावी लागते. एक तरी समूहगीत मुलांनी गावं, असं यंदा शाळेत जाऊन सांगितलंय. पेटीवर मी बसणार आहे.