शिकवायला गेलो, पंक्चर काढून आलो

सकाळी नऊला आम्ही सहाजण नेपाळच्या कपिलवस्तू जिल्ह्यातल्या एका शाळेसमोर सायकली टेकवून उभे, आणि फाटकाला भलंमोठं कुलूप. समोरच्या टपरीवाल्याने चहा गाळता गाळता सांगितलं, "आज तो सनीचर है, छुट्टी है." तिथे सुट्टी शनिवारची असते आणि रविवारी शाळा भरते, हे इंदूरहून निघताना आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. वेळापत्रक मी केलं होतं. त्या दिवसापासून गटातले ज्येष्ठ काका मला 'सनीचर' म्हणतात, ते अजून चालू आहे. तुम्ही वेळापत्रक आखाल तेव्हा शुक्रवारही सोडून द्या, त्या दिवशी शाळा लवकर सुटते.

बेत असा होता: तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, तीन गावशाळांसाठी पैसे जमवायचे आणि प्रत्येक शाळेत अर्धा दिवस इंग्रजी शिकवायचं. ओळखीच्यांनी आमच्या दर किलोमीटरमागे 10 रुपये कबूल केले होते. सरावाला महूपुढचा जाम गेटचा घाट दोनदा चढलो. तो फारसा कामी आला नाही. तराई म्हणजे पोळपाट. दाउन्नेचा चढ सोडला तर आमच्या वाटेवर घाटच नव्हता. बुटवल-नारायणगढ रस्त्यावरची धूळ मात्र छळते, रुमाल दोन ठेवा.

भोपाळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सीमेवरचं सोनौली सुमारे 90 किलोमीटर. सायकली पार्सलच्या डब्यातून नेल्या. खोक्यात भरताना मागच्या गिअरच्या बाजूला जुनी गोधडी कोंबा. मी कोंबली नाही, गिअर अडकवायचा हँगर वाकला आणि गोरखपुरात अर्धा दिवस गेला. सीमेवर आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असू द्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी, हा दर बांधलेला आहे. तरी भाव विचारताना "आईसी की एनसी?" हे आधी विचारा, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. आम्ही पहिल्या दिवशी न विचारता समोशांचे दीडपट पैसे दिले आणि वर धन्यवादही म्हटलं.

आम्ही नोव्हेंबरच्या मध्याला गेलो, तेच बरं. दशैं-तिहारात, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीत, शाळा बंद असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाट पडतं की समोरचा ट्रक दिसत नाही.

मुख्याध्यापकांनी फोनवर 'या' म्हटलं म्हणून थेट वर्गात शिरू नका. 2015 च्या राज्यघटनेपासून तिथल्या शाळा स्थानिक पालिकेकडे आहेत. पालिकेच्या शिक्षण शाखेचं पत्र घेऊन जा. आमचा त्यात एक दिवस मोडला. तो दिवस लुंबिनीत सत्कारणी लागला. अशोकस्तंभावर लिहिलंय की बुद्ध इथे जन्मले म्हणून गावाचा कर एक अष्टमांशावर आणला. काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले, ते बराच वेळ स्तंभासमोरून हलेनात. जवळच्या शेतात सारसांची जोडी दिसली. इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर त्यांच्यासाठी मी किती पहाटे घालवल्या आहेत, ते घरच्यांना विचारा.

आता शिकवण्याचं. चौथीच्या वर्गात आम्ही मोठ्या उत्साहाने प्राण्यांची इंग्रजी नावं काढली. मुलांना सगळी येत होती. त्यांचे सर खडू हातात धरून कोपऱ्यात उभे. भागाकाराचा धडा अर्ध्यावर आम्हीच तोडला होता, हे फळ्याकडे पाहिल्यावर कळलं. वर मी चॉकलेटं काढली, तेव्हा मुख्याध्यापकांनी शांतपणे थांबवलं: सगळ्यांना पुरतील का? नव्हतीच पुरणार. फोटोंचंही तसंच, विचारल्याशिवाय काढू नका. बोलण्याची मात्र अडचण आली नाही. तिथली मुलं घरी अवधी बोलतात, आपली इंदुरी हिंदी त्यांना कळते आणि हसूही येतं.

मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी चेन पडलेली सायकल ढकलत आली. काकांनी चेन बसवली, ब्रेकचे गुटके सरळ केले. मागे दुसरी सायकल, तिसरी... शाळा सुटेपर्यंत रांग. सपाट मुलूख, लांबची गावं, मुलं सायकलीवरच येतात. सायकल मोडली की शाळा बुडते, विशेषतः मुलींची. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं.

पण आमची हत्यारं आमच्या सायकलींची. पंपाचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं, आणि तिथल्या सायकलींना जुना, आत रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह. ॲलन की, म्हणजे षटकोनी चाव्या, निरुपयोगी. तिथे लागतो मागच्या चाकाच्या नटाचा 15 चा पाना, व्हॉल्व्ह ट्यूब, छर्रे, ग्रीस, आणि पायडलचा दांडा घट्ट बसवणारी कॉटर पिन.

पुढच्या दोन्ही शाळांत आम्ही वर्ग मागितलाच नाही. झाडाखाली जुनी चादर, दुपारचा खाजा (तिथलं मधल्या वेळचं खाणं) झाल्यावर दोन तास, हाताशी नववी-दहावीची मुलं. एका मुलाच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. कॉटर पिन कशी ठोकायची हे त्याने काकांना शिकवलं, तेही "अंकल, ऐसे नहीं" म्हणत. जमलेल्या पैशांतून वह्या घ्यायच्या ठरल्या होत्या. त्याऐवजी बुटवलच्या बाजारातून तीन उभे पंप, पान्यांचे संच, ट्यूबा घेतल्या आणि प्रत्येक शाळेकडून पोच घेतली. ज्यांनी पैसे दिले त्यांना ती दाखवता येते, आणि आपल्या मंडळींना ती लागतेच.

सामान इथून वाहून नेऊ नका, तिकडे सगळं मिळतं. फक्त कॉटर पिनची मापं दोन असतात, दोन्ही घ्या. आम्ही एकच घेतली होती.