साडेसहा हजारांचा बल्ब

ओट्यावरचा बल्ब गेला म्हणून नवा आणला. आई खोकं डोळ्यांपासून लांब धरून वाचत होती. एकदम ओरडली, "साडेसहा हजार? कितला महाग शे हाऊ बल्ब!"

किंमत शंभराच्या आसपास होती. ६५०० पुढे 'के' छापलेला होता, म्हणजे केल्विन, तापमान. तसं सांगितल्यावर तिने पेटलेल्या बल्बला बोट लावलं आणि पोरगं फुकट शिकलं अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

बल्ब तेवढा तापत नाहीच. त्याच्या उजेडाचा रंग ६५०० केल्विनला तापलेल्या वस्तूसारखा दिसतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. गंमत अशी, की दुकानदार ह्यालाच 'कूल' म्हणतो आणि २७००च्या पिवळ्याला 'वॉर्म'. लोहाराला विचारा, तो हसेल. त्याच्या भट्टीत आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं.

उन्हाचा आकडा मात्र अस्सल. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन, आणि तिथून निघालेला उजेड पंधरा कोटी किलोमीटर चालून अमळनेरच्या आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उतरतो तेव्हा विरळ झालेला असतो, पण रंगात ते तापमान जपून आणतो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तेव्हा हा विरळपणाच गोळा करायचो. मात्र भिंग केवढंही घ्या, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त काही तापवता येत नाही. तसं जमलं असतं तर उष्णता आपसूक थंडाकडून गरमाकडे चालू लागली असती.

उजेडाला तापमान, तशी एन्ट्रॉपीही, म्हणजे ऊर्जा किती विखुरली ह्याचं माप. भौतिकशास्त्रज्ञ प्लांक १९०० साली तिचाच हिशेब जुळवताना ऊर्जेच्या पुड्यांपाशी पोचला. १९०५ साली आइन्स्टाइनला दिसलं, की विरळ उजेडाची एन्ट्रॉपी जागेच्या आकारमानाप्रमाणे अगदी वायूसारखी बदलते. मग उजेडही कणांचाच का नसावा? मला ह्या माणसांचा हेवा वाटतो. आपण एन्ट्रॉपी परीक्षेपुरती पाठ केली.

मला ती कळली धाब्यावर. एप्रिलमध्ये आई तिथे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालते. दुपारी बाराला पाय ठेवायची सोय नसते, आणि तासाभरात बिबडीच्या कडा वर वळून कडक होतात. रात्री पाणी शिंपडून गाद्या टाकल्या तरी अकरापर्यंत पाठ शेकत राहते. ती धगही उजेडच, फक्त डोळ्यांना न दिसणारा, जेमतेम ३०० केल्विनचा. दिवसा आला उन्हाचा एक कण, तर तेवढीच ऊर्जा परत करायला धाब्याला असे सुमारे वीस कण आकाशाकडे सोडावे लागतात. शंभराची नोट मोडून पाच-पाचची वीस नाणी घ्यावीत, तसं. रकमेत पैशाचा फरक नाही. पण ह्या चिल्लरीची पुन्हा कडक नोट करून देणारा दुकानदार कुठल्याच बाजारात बसत नाही. बिबड्या वाळतात, केळीची पानं हिरवी होतात, ती ह्या मोडीच्या वटावरच.

हे सगळं मी गादीवर पडल्या पडल्या आईला सांगितलं. ती केव्हाच झोपली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला बल्ब बदलून आणायला लावला. नव्या खोक्यावरचा २७०० वाचून म्हणाली, "हाऊ स्वस्त शे."